जड जॉब उचलताना बोटं नेमकी कुठं सापडतात? (वर्कशॉपवाल्यांनी आपापला अनुभव लिहावा)

शिरोली_शॉपफ्लोअर | मंगळवार, रात्री 9:35

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर आहे. फौंड्रीतून आलेली कास्टिंग (ओतीव बिडाचे भाग, आमच्या भाषेत जॉब) मशीनवर चढवायची, काम झालं की उतरवायची, हेच आमचं दिवसभराचं. साठ किलोपासून दीड टनापर्यंतचे जॉब असतात.

बरीच वर्षं एक गोष्ट बघत आलोय, ती इथं मांडतो. जड वजन म्हटलं की सगळ्यांच्या मनात साखळी तुटण्याची, जॉब कोसळण्याची भीती असते. ती असायलाच पाहिजे. पण माझ्या पाहण्यात ज्यांच्या हाताला लागलं, त्यातल्या बहुतेकांच्या वेळी काहीच तुटलं नव्हतं. साखळी शाबूत, हूक शाबूत, क्रेन व्यवस्थित. जॉब वर टांगलेला असताना सगळे आपोआप लांब सरकतात. हात आत जातो तो दोन वेळी. एक, उचलायच्या आधी पट्टा ताणला जातो तेव्हा. दुसरं, ठेवताना शेवटच्या तीन-चार इंचात.

पहिलं कसं होतं ते सांगतो. पट्टा कास्टिंगच्या कडेवरून निसटू नये म्हणून हेल्पर तो मुठीत धरतो. अंगठा बाहेर, चार बोटं पट्ट्याच्या आत, कास्टिंगला टेकलेली. दुसरा माणूस बटण दाबतो. ढिला पट्टा सरळ होईपर्यंत काही वाटत नाही, आणि शेवटचा ढिलेपणा एका झटक्यात संपतो. त्या झटक्यात बोटं पट्टा आणि बिडाच्या धारेच्या मध्ये असतात. "थांब" म्हणेपर्यंत वजन बोटांवर आलेलं असतं.

दुसरं म्हणजे ठेवताना. जॉब खाली येतोय, त्याच्याखाली ठेवायचा गुटका (लाकडी ठोकळा) जरा तिरका आहे, "एवढा सरळ करतो" म्हणून हात जातो. किंवा मशीनच्या टेबलावर टी-स्लॉटशी (जॉब आवळायच्या खाचांशी) जुळवण्यासाठी कुणीतरी जॉब खालून धरून ओढतं. दोन्हीकडं वजन तेवढंच, पण आता ते जमिनीच्या अगदी जवळ असल्यानं माणसाला धोका वाटत नाही. काम संपल्यासारखं वाटतं, आणि तिथंच घात होतो.

माझं म्हणणं एवढंच की या दोन क्षणांत हात तिथं असण्याची गरजच उरणार नाही, अशी सोय करता येते. "सावध राहा" म्हणून भागत नाही. सावध तर सगळेच असतात. तुमच्याकडं कोणत्या युक्त्या टिकल्या आहेत, त्या लिहा.

उद्यमनगर_मिस्त्री | मंगळवार, रात्री 10:10

भावा, शंभर टक्के खरं बोललास. आमच्या उद्यमनगरात क्रेन कुठली, शेडच्या चॅनेलला चेनपुली अडकवायची आणि चालू. तरी बोटं जायची जागा तीच.

लेथवाल्यांसाठी एक सांगतो. चक (जॉब पकडणारा गोल जबडा) उतरवताना लई जणांची बोटं गेलेली मी बघितल्यात. मोठा चक स्पिंडलवरून सुटला की खाली बेडवर बसतो, आणि खालून आधार दिलेला हात बेडच्या धारेवर सापडतो. चक गोल, तेलकट, धरायला काही नाही. त्याला उपाय जुन्या मिस्त्री लोकांनीच काढून ठेवलाय. लाकडाचा पाळणा करायचा. खालची बाजू बेडच्या वेजवर (रुळांवर) बरोबर बसणारी, वरची बाजू चकच्या गोलाईची. उंची अशी ठेवायची की चक स्पिंडलवर असतानाच पाळण्यावर टेकलेला पाहिजे. मग बोल्ट काढायचे, आणि पाळण्यासकट चक बेडवरून मागं सरकवायचा. पडायला जागाच राहत न्हाई. एकदा केला की दहा वर्षं जातोय. चक जड असला तर तिथनं पुढं चेनपुलीनंच उचला, कमरेचं कौतुक नको.

आणि पाळणा मशीनच्या पायाशीच ठेवा. स्टोअरमध्ये ठेवला की घाईच्या वेळी कोण आणायला जात न्हाई.

नवा_ट्रेनी | मंगळवार, रात्री 10:32

मी आयटीआय करून नुकताच लागलोय. आमच्याकडं सगळ्यांना जाड चामड्याचे हातमोजे दिलेत. सुपरवायझर म्हणतात मोजे घाल, मग काही होत नाही. हे खरं आहे का? आणि लेथवर पण तेच घालून काम करायचं का?

शिरोली_शॉपफ्लोअर | मंगळवार, रात्री 10:50

@नवा_ट्रेनी, लेथ, ड्रिल, मिलिंग, जिथं काही फिरतंय तिथं हातमोजा अजिबात नको. मोज्याचं टोक चिपमध्ये (धातूच्या कीसात) किंवा ड्रिलमध्ये गुंतलं की हात त्याच्यामागं ओढला जातो. मशीन बंद करून जॉब चढवताना मोजे घाल, चालू करायच्या आधी काढ.

उचलताना मोजे हवेतच. कास्टिंगची बर (कडेचे धारदार काटे), वायर रोपचे तुटलेले काटे, तेलकट पृष्ठभाग, यांच्यापासून ते वाचवतात. पण चारशे किलोच्या वजनाखाली चामडं काय करणार? उलट ढिला मोजा पट्ट्यात आधी सापडतो आणि बोट मागं घ्यायला वेळ मिळत नाही. हाताच्या मापाचा मोजा घे, मोठा असेल तर बदलून माग. मोजा घातला म्हणून हात आत घालायची परवानगी मिळाली असं समजू नकोस.

आणि बोटातली अंगठी घरी ठेवून येत जा, लग्नाची असली तरी.

सेफ्टी_कागल | बुधवार, सकाळी 7:15

चांगला धागा. मी कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत सेफ्टीचं काम बघतो. माझ्या मते हात आत का जातो याची मुळं बहुतेक वेळा त्याआधीच्या पाच मिनिटांत असतात. स्लिंग (उचलायचा पट्टा किंवा साखळी) चुकीची बांधली की जॉब तिरका उचलला जातो, तिरका उचलला की तो सरळ करायला कुणीतरी हात लावतो.

पहिलं म्हणजे वजन. "असेल दोनएकशे किलो" हा अंदाज बऱ्याचदा निम्माच निघतो. बिडाचं वजन काढणं सोपं आहे. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा, त्याला 7.2 नं गुणा आणि 1000 नं भागा. 50 बाय 40 बाय 30 चा भरीव ठोकळा 432 किलो भरतो. दिसायला तो टीव्हीच्या खोक्याएवढा दिसतो. पोलाद असेल तर 7.85 घ्या. एक मीटर बाय एक मीटर, 10 मिलिमीटर जाडीची प्लेट साडेअठ्ठ्याहत्तर किलो होते. तीसुद्धा दोघं जण हातानं उचलतात आणि ठेवताना बोटं खाली राहतात.

दुसरं, स्लिंगचा कोन. दोन पायांच्या स्लिंगनं 1000 किलो उचललं आणि पाय आडव्या रेषेशी 60 अंशात असले तर प्रत्येक पायावर 577 किलोचा ताण येतो. 45 अंशात 707. 30 अंशात पूर्ण 1000, म्हणजे प्रत्येक पाय अख्खा जॉब पेलतो. हूक खाली आणि पट्टे पसरट असले की ताण वाढतो, शिवाय पट्टा कडेवरून आत घसरायला बघतो. मग तो जागेवर ठेवायला हेल्पर मूठ घालतो. शिरोलीवाल्या दादांनी सांगितलेला पहिला प्रकार इथून सुरू होतो. लांब पट्टा घ्या, हूक वर ठेवा, पट्टा आपोआप जागेवर बसेल.

तिसरं म्हणजे एक इंच वर घेऊन थांबणं. जॉब एका बाजूला झुकला तर खाली ठेवा आणि पुन्हा बांधा. हातानं दाबून सपाट करत पुढं नेऊ नका.

आयबोल्टबद्दल (हूक अडकवायला डोक्यावर कडी असलेला बोल्ट) फार गैरसमज आहेत. कॉलरवाला चांगला एम-12 आयबोल्ट सरळ उभ्या ओढीला 340 किलो, एम-16 700 किलो आणि एम-20 1200 किलो घेतो. तेसुद्धा कॉलर पृष्ठभागाला पूर्ण टेकली असेल तरच. तिरकी ओढ दिली की क्षमता बरीच उतरते. बाजूला ओढायचं असेल तर फिरणारी हॉइस्ट रिंग वापरा. आणि टॅप केलेल्या भोकात चार आटे बसले म्हणून समाधान मानू नका, पूर्ण आत गेला पाहिजे.

सिंथेटिक पट्ट्यांचे रंग लक्षात ठेवायला सोपे आहेत: जांभळा 1 टन, हिरवा 2, पिवळा 3, राखाडी 4, लाल 5. लेबल फाटलं असेल तर तो पट्टा बाद. कडेवर चिरलेला तर नक्कीच बाद. बिडाच्या धारेवर पट्टा टाकताना मध्ये रबरी किंवा जुन्या बेल्टचा तुकडा घाला.

उचलायच्या साधनांची सक्षम व्यक्तीकडून निदान वर्षातून एकदा कसून तपासणी आणि प्रत्येकावर सुरक्षित भाराचा आकडा, ही शिस्त 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 29 नं घालून दिली होती. आपल्याकडं खंडेनवमीला सगळी हत्यारं धुऊन-पुसून पूजेला मांडतात. त्याच दिवशी प्रत्येक पट्टा, शॅकल (जोडकडी), हूक हातात घेऊन बघितला जातोच, मग खराब दिसलेला पुन्हा खुंटीला लावू नका. कापूनच टाका, नाहीतर पुढच्या आठवड्यात कुणीतरी तो वापरतो.

छोटा_कारखानदार | बुधवार, सकाळी 8:40

वरचं सगळं बरोबर आहे, पण माझ्यासारख्यांची अडचणही ऐका. माझ्याकडं पाच माणसं, दोन लेथ, एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन). भाड्याची शेड, छताला वजन लावायची मालकाची परवानगी नाही. टेम्पोवाला कास्टिंग दारात उतरवून जातो आणि संध्याकाळपर्यंत पार्टीचा फोन सुरू. अशा वेळी दोघं-तिघं मिळून हातानंच उचलतात. मला ते आवडत नाही, पण करायचं काय?

उद्यमनगर_मिस्त्री | बुधवार, दुपारी 1:20

शेठ, छताला हात लावू नका. चाकावरची ए-आकाराची गॅन्ट्री करून घ्या, दोन बाजूंचे पाय आणि वर आडवा बीम, त्याला चेनपुली. उद्यमनगरात कुणीबी फॅब्रिकेटर करून देतोय, फक्त बीम डोळ्यानं ठरवू नका, हिशोब करणाऱ्या माणसाकडनं काढून घ्या. नाहीतर हातानं पंप मारायची फ्लोअर क्रेन मिळते, ती व्हीएमसीच्या दारापर्यंत जाते. फ्लोअर क्रेनचा बूम (पुढचा हात) पुढं काढला की क्षमता कमी होते, बूमवर भोकाभोकाला आकडा लिहिलेला असतो, तो वाचायचा.

सेफ्टी_कागल | बुधवार, दुपारी 1:45

@छोटा_कारखानदार, हातानं उचलण्याच्या मर्यादेबद्दल दोन आकडे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलो ही वरची हद्द धरली आहे. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेच्या 1991 च्या सूत्रात तर अगदी आदर्श परिस्थितीतसुद्धा 23 किलोपासून सुरुवात होते आणि वाकणं, वळणं, लांब हात करणं आलं की आकडा खाली येतो. दोघांनी मिळून उचललं की वजन निम्मं होतं हेही कागदावरच. एकानं जरा आधी सोडलं की दुसऱ्याची बोटं खाली. दोघांनी उचलायचंच असेल तर ठेवायची जागा आधी तयार हवी, खाली गुटके मांडलेले हवेत आणि "सोडा" एकानंच म्हणायचं.

पॅटर्न_आणि_कोअर | बुधवार, संध्याकाळी 6:05

मी पॅटर्न शॉप चालवतो, म्हणून एक वेगळी बाजू. अर्ध्या कास्टिंगला उचलायला धड जागाच नसते. सगळीकडून गोल, नाहीतर पातळ रिब. मग पोरं पट्टा कुठंतरी गुंडाळतात आणि तो निसटू नये म्हणून हातानं धरतात.

ड्रॉइंग बनवतानाच उचलायचा लग (हूक अडकवायला कान) मागून घ्या. वजनाच्या मध्यावर दोन लग, नाहीतर एम-16 किंवा एम-20 टॅप करता येईल असे दोन बॉस (जाड उंचवटे). पॅटर्नमध्ये ते घालायला आम्हाला फार वेळ लागत नाही, बिडाचं वजन थोडं वाढतं एवढंच. पार्टी नको म्हणाली तर शेवटच्या ऑपरेशनला कापून टाकता येतात. पण हे पॅटर्न बनायच्या आधी सांगा. कास्टिंग दारात आल्यावर कुणालाच काही करता येत नाही.

फौंड्रीवाल्यांनाही हेच. मोल्डिंग बॉक्सचे ट्रनियन (उचलायचे बाजूचे खुंट) झिजलेले असतील तर वरचा बॉक्स बंद करताना एका बाजूनं झुकतो. मग गाइड पिन जुळवायला बोटं दोन बॉक्सच्या मध्ये जातात. पिना लांब ठेवा. बॉक्स अजून हातभर वर असतानाच पिन भोकात गेली पाहिजे, म्हणजे खाली येताना बॉक्स आपोआप जागेवर बसतो आणि मध्ये डोकवायची वेळ येत नाही.

छोटा_कारखानदार | बुधवार, संध्याकाळी 6:30

लगची गोष्ट माझ्या डोक्यात कधीच आली नव्हती. नवीन पॅटर्न पुढच्या महिन्यात आहे, आजच ड्रॉइंगवाल्याला सांगतो.

ईओटी_पेंडंट | बुधवार, रात्री 9:15

मी क्रेन चालवतो. लोक बोट गेलेल्याला विचारतात "लक्ष कुठं होतं", पण बटण माझ्या हातात असतं हे विसरतात. जॉबच्या पलीकडं उभ्या माणसाचा हात मला दिसतच नाही. त्यात बाजूला फेटलिंगची (कास्टिंग घासून साफ करायची) ग्राइंडर चालू असतात, ओरडलेलं कळत नाही.

म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलंय: खाली सोडायचं बटण दाबायच्या आधी मला जॉबजवळच्या प्रत्येकाचे दोन्ही हात दिसले पाहिजेत. वर करून दाखवा, नाहीतर कमरेवर ठेवा. एक हात दिसत नसेल तर मी थांबतो, मग साहेब घड्याळ दाखवू देत. पहिल्यांदा पोरं वैतागली. आता आपण होऊन हात वर करतात.

इशारा एकाच माणसाचा ऐकतो. "थांब" मात्र कुणाचंही, झाडलोट करणाऱ्या मावशींचंसुद्धा.

पट्टा ताणतानाही तसंच. ढिलेपणा संपत आला की मी थांबतो, बांधणारा माणूस हात काढून दोन पावलं मागं जातो, मग पुढचा इंच. पट्टा जागेवर ठेवायचाच असेल तर उघड्या तळव्यानं बाहेरून दाबायचा, मूठ मारायची नाही. त्याहून चांगलं म्हणजे आम्ही जुन्या पाइपला पुढं वाकडी सळई वेल्ड करून हातभर लांब आकडा केलाय, त्यानं पट्टा धरतात. जॉब फिरवायला दोन टोकांना दोर बांधतो. जवळून वळवायचा असेल तर लाकडी ढकलकाठी. दोर हाताला गुंडाळून घ्यायचा नाही, हे वेगळं सांगायला लागतं.

परिचारिका_ताई | बुधवार, रात्री 11:05

मी शस्त्रक्रिया विभागात काम करते, वर्कशॉपमधून हात चेपलेली माणसं बऱ्याचदा आमच्याकडं येतात. अपघात टळावा हे उत्तमच. पण झालाच तर पहिल्या तासात काय करायचं ते प्रत्येकाला माहीत असू दे, कारण चुकीच्या उपचारांनी बरंच नुकसान आमच्याकडं पोचायच्या आधीच झालेलं असतं.

आधी अंगठी, कडं, घड्याळ काढा. दहा-पंधरा मिनिटांत सूज चढते आणि मग ती कापावी लागतात. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाची घडी करून घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. बोटाला रबर, तार, सुतळी आवळू नका. हळद, कॉफी, चुना, ग्रीस, डिझेल काहीही लावू नका. डॉक्टरांना आत काय राहिलंय ते दिसत नाही आणि ते धुऊन काढताना पेशंटला दुप्पट त्रास होतो. वाटेत चहा-पाणी, वडापाव काही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते.

बोट तुटून वेगळं झालं असेल तर ते शोधा. अगदी चिरडलेलं दिसलं तरी आणा, ते जोडायचं की नाही हे सर्जन ठरवतील. नुसतं पाण्यानं हलकं धुवा, ओलसर स्वच्छ गॉझमध्ये किंवा रुमालात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या डब्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवू नका. बर्फानं पेशी जळतात आणि चांगलं बोट वाया जातं. बोटात स्नायू नसल्यानं ते हाताच्या वरच्या भागापेक्षा जास्त वेळ टिकतं, साधारण बारा तास, नीट थंड ठेवलं तर चोवीस तासांपर्यंत. तरी उशीर करू नका. धारेनं साफ कापलेलं बोट जोडलं जाण्याची शक्यता जास्त, चेपलेल्याची कमी.

आता ज्यात फसगत होते ते. कातडी फाटलेली नाही, रक्त नाही, नुसता हात चेपलाय. माणूस म्हणतो "काही नाही, मुका मार आहे" आणि शिफ्ट पूर्ण करतो. चार तासांनी हात टणक झालेला असतो, दुखणं जखमेच्या मानानं कितीतरी जास्त असतं, बोटं दुसऱ्यानं सरळ केली तर कळ सहन होत नाही, आणि टोकांना बधिरपणा येतो. आत सूज वाढून रक्तपुरवठा दबतोय याची ती लक्षणं आहेत. तेव्हा सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखान्यात जा. हात कायमचा आखडू शकतो.

तसंच ग्रीस गनचं किंवा हायड्रॉलिक जॅकच्या फुटक्या होजचं तेल जोरात हातात घुसलं तर बाहेर फक्त सुईएवढं टोक दिसतं आणि फारसं दुखतही नाही. तीही त्याच दिवशीची तातडी आहे. डॉक्टरांना "तेल दाबानं आत गेलंय" असं स्पष्ट सांगा.

108 ला फोन करा, आणि निघतानाच रुग्णालयात विचारून घ्या की हाताची शस्त्रक्रिया करणारे सर्जन आत्ता आहेत का. एका ठिकाणाहून दुसरीकडं पाठवण्यात सगळ्यात जास्त वेळ जातो. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आठवून ठेवा.

शिरोली_शॉपफ्लोअर | गुरुवार, सकाळी 6:50

ताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद मोठ्या अक्षरात छापून प्रथमोपचार पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवतोय. पेटीत गॉझ, सलाइनची बाटली आणि तोंड बांधता येणाऱ्या पिशव्या आहेत का ते आज बघतो. बर्फ कुठून आणायचा हेही ठरवून ठेवलं पाहिजे. कँटीनचा फ्रिज रात्रपाळीला कुलूपबंद असतो.

पावसाळ्याचं एक जोडतो. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी चढलं आणि शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला, 2021 च्या जुलैमध्ये परत तेच. पाणी येणार कळलं की मोटारी, गिअरबॉक्स, पॅनेल उंचावर हलवायची धावपळ होते. ओले पट्टे, निसरडी फरशी, वीज गेलेली, म्हणून सगळं हातानं. अशा घाईत बोटं जातात आणि रस्ता बंद असला तर शहरात पोचणं मुश्कील. पावसाळ्याआधीच कोणतं मशीन कशानं उचलायचं, कुठं ठेवायचं, हे ठरवून गुटके-पहारी बाजूला काढून ठेवा. पाणी दारात आल्यावर जे राहिलं ते राहू दे. मोटार परत वाइंडिंग करता येते.

गडहिंग्लजची_वहिनी | गुरुवार, दुपारी 12:15

मी वर्कशॉपमध्ये काम करत नाही, पण विचारू का? माझे मिस्टर एका ठेकेदाराकडं कामाला आहेत. पंप उतरवताना उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर गेलं. ठेकेदार म्हणतो दवाखान्याचं बिल मी देतो, पण कुठं लिहून देऊ नका, घरी बोट गेलं म्हणून सांगा. पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापलेलं दिसतं. काय करावं?

सेफ्टी_कागल | गुरुवार, दुपारी 12:55

वहिनी, खोटं लिहून देऊ नका. खूप वाईट वाटलं वाचून, पण तुमचा हक्क भक्कम आहे.

ईएसआय कापलं जातंय म्हणजे ते विमाधारक आहेत. कामावर झालेल्या इजेसाठी ठरावीक दिवस वर्गणी भरलेली असण्याची अट नसते, पहिल्या दिवशी अपघात झाला तरी लाभ मिळतो. उपचार ईएसआयमधून होतात. कामावर जाता येत नाही त्या काळात सरासरी मजुरीच्या 90 टक्के रक्कम मिळते, इजेच्या दिवसाशिवाय निदान तीन दिवस काम बुडलेलं असलं पाहिजे. नंतर वैद्यकीय मंडळ कायमचं अपंगत्व ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा पैसे मिळतात. अनुसूचीत तर्जनीचं एक पेर गेल्यास 9 टक्के, पूर्ण तर्जनी 14 टक्के, पूर्ण अंगठा 30 टक्के असे आकडे आहेत. "घरी झालं" असं लिहिलं की हे सगळं जातं, आणि ठेकेदारानं दिलेलं बिल एकदाच असतं.

अपघात वहीत नोंद करायला लावा, तिचा फोटो ठेवा. तारीख, वेळ, मशीन, सोबत कोण होतं ते तुमच्याकडंही लिहून ठेवा. दवाखान्याच्या पहिल्या कागदावर "कामावर असताना" असं लिहिलंय ना ते बघा. ठेकेदार टाळत असेल तर मूळ कंपनीकडं जा, ठेक्याच्या कामगारांच्या ईएसआयची जबाबदारी कायद्यानं मूळ मालकावरही आहे. त्याउपर ईएसआयच्या शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

ज्यांना ईएसआय लागू नाही त्यांच्यासाठी 1923 चा भरपाई कायदा होता, त्याचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करायचा असे; नोव्हेंबर 2025 पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे.

परिचारिका_ताई | गुरुवार, दुपारी 3:30

वहिनी, टाके निघाल्यावर डॉक्टरांना विचारून फिजिओथेरपी लगेच सुरू करा. दुखतं म्हणून बोट हलवलं नाही तर उरलेली पेरंसुद्धा आखडतात. हात उशीवर उंच ठेवून झोपू दे. आणि तुटलेल्या टोकाला गार लागलं की झिणझिण्या येतात, ते काही महिने चालतं, घाबरू नका.

गडहिंग्लजची_वहिनी | गुरुवार, रात्री 8:20

दादा, ताई, खूप धीर आला. मिस्टरांनी आज वहीतल्या नोंदीसाठी कंपनीच्या टाइम ऑफिसात अर्ज दिला. सोबतचे दोघं जण सही करायला तयार झाले. उद्या शाखा कार्यालयात जाऊन येतो.

नवा_ट्रेनी | शुक्रवार, रात्री 9:00

मिस्त्रीकाका, गुटक्याबद्दल विचारायचं होतं. आमच्याकडं भंगारातले कसलेही तुकडे वापरतात. जॉबखाली ठेवताना बोटं आत जाऊ नयेत म्हणून कसे करायचे?

उद्यमनगर_मिस्त्री | शुक्रवार, रात्री 9:40

बरं विचारलंस लेकरा. बाभळीचं नाहीतर सागाचं लाकूड घे, पॅकिंगच्या खोक्याची फळी नको, ती फुटतेय. चार इंच बाय चार इंच, आणि लांबी जॉबच्या रुंदीपेक्षा निदान हातभर जास्त. म्हणजे गुटका सरकवायचा तर दोन्ही टोकं बाहेर राहतात, तिथनंच धरायचं. आखूड गुटका लागत असंल तर त्याच्या एका तोंडाला फूटभर लाकडी दांडा स्क्रूनं बसव आणि झाऱ्यासारखा लांबनं सरकव. सगळे गुटके एकाच मापाचे काप, दोन मापं मिसळली की जॉब डुलतोय आणि परत हात जातोय.

टोकांना पिवळा रंग मार, म्हणजे भंगारात कोण टाकत न्हाई. जॉब टेकल्यावर गुटका वाकडा दिसला तर जॉब परत वर घ्यायला सांग, क्रेनवाला कितीबी कुरकुरला तरी. दांड्याचे दोन करून आण सोमवारी, फोटो टाक हितं. मी बघतो बरोबर झालाय का.

ईओटी_पेंडंट | शुक्रवार, रात्री 9:55

क्रेनवाला कुरकुरणार नाही काका. नवा_ट्रेनी, दांडा भोकात नुसता ठोकू नकोस, ढिला होतो. आरपार बोल्ट घाल.